बिनचिठ्ठीचा खण

त्सोन्कामावशीच्या दुकानात बेचाळीस खण.
खोकला, पोट, गुडघे, झोप न लागणं:
प्रत्येकावर निळ्या शाईतली चिठ्ठी.
एकावर काहीच नाही.
मी चौदाची, उन्हाळ्यापुरती तराजूवर.
विचारलं, यात काय?
ओकाची साल, म्हणाली, कॅमोमाइल,
झेंडूच्या जातीची केशरी फुलं,
आणि न झोंबणारी खाजकोलती, पांढऱ्या तुऱ्यांची.
कशावर?
"बायकांवर," म्हणाली,
आणि पुडीचा दोरा दातांनी तोडला.

शिशाची खाण बंद पडली तेव्हापासून
खाली मादानमध्ये शिवणाचा कारखाना.
दहा तास खुर्चीवर, अंगाला चिकटलेलं नायलॉन.
लघवीला उठायचं तर मुकादमणीच्या वहीत वेळ लिहून,
म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत.
शनिवारी चढ चढून यायच्या.
आधी खोकल्याचं काहीतरी मागायच्या.
मग सुट्टे पैसे मोजता मोजता
"आणि ते... तिथलं."

एवढं अंग बाईचं,
आणि त्या एका जागेला नाव नाही, नुसती दिशा.
तिथे. खाली. आत.

मावशी मात्र योनी म्हणायची,
जसं कुणी नाक म्हणतं, कोपर म्हणतं.
खाज की आग?
अंगावरून जातं ते दह्यासारखं की पाण्यासारखं?
वास? माशासारखा?
बायका दाराकडे बघत उत्तरं द्यायच्या.
मी साल तोलायची,
काटा स्थिर, माझे कान तापलेले.

मूठभर साल, लिटरभर पाणी, वीस मिनिटं मंद आच.
जुन्या फडक्यातून गाळ.
कोमट होऊ दे, घाईत पोळशील.
परातीत ओत आणि बस, पोरं झोपल्यावर.
नळीने आत काही सोडायचं नाही,
ते घर आपलं आपण झाडून घेतं.
लसूण नको. व्हिनेगर नको.
शेजारणीचं तर मुळीच नको.
चार दिवसांत उतार नाही पडला
तर माझ्याकडे येऊ नकोस, डॉक्टरकडे जा.

साबिये तरीही तिसऱ्यांदा आली.
रुफात ट्रक घेऊन जर्मनीला,
महिन्यातून तीन रात्री घरी.
तो गेला की आठवड्यात हिची आग सुरू.
मावशीने खण उघडला,
आत बघितलं,
बंद केला.
"साल संपली?"
"साल आहे. तुझ्यासाठी नाही."
साबियेने हात मागे घेतले, चोरी पकडल्यासारखे.

मावशीने हिशेबाच्या वहीचं पान फाडलं.
स्मोल्यानच्या बसची वेळ, डॉक्टरीणबाईंचं नाव,
खाली दोनदा रेघ ओढून:
तपासणी दोघांची.
"तो नाही यायचा. म्हणेल, मला काय झालंय?"
"त्याला काही जाणवतही नसेल. म्हणूनच."
"आणि मी काय सांगू त्याला?"
मावशी जरा थांबली.
"हे बघ, ओकाची साल सूज उतरवते.
नवऱ्याची सालटी काढायला तूच हवीस."

साबिये हसली,
रुमालाच्या टोकाआड, आवाज न करता,
खांदे हलले तेवढेच.
मग कागदाचे किती, म्हणून विचारलं.
कागदाचे पैसे घेत नाही, मावशी म्हणाली.

सोमवारच्या बसला ती होती की नाही, मला माहीत नाही.
असावी.
मी त्या संध्याकाळी दौत काढली,
एक शब्द लिहिला, खणाला चिकटवला.
मावशीने चष्मा लावून वाचला.
रागावेल वाटलं.
तिने एक अक्षर दुरुस्त केलं
आणि दिवा मालवला.

पुढच्या शनिवारी
कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून
एक बाई आत आली, धापा टाकत.
खणांवरून नजर फिरवली,
एका चिठ्ठीशी थबकली,
आणि खोकल्याचं मागायला
विसरली.